ट्रकमधले विनातिकीट प्रवासी

पोळ्याचा दुसरा दिवस हा आम्हा नागपूरकरांचा मारबतीचा दिवस. काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत निघते, मागून बडगे येतात, आणि रोगराई, ढेकूण, डास सगळं घेऊन जा म्हणून गल्लोगल्ली आरोळ्या उठतात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, ''एवढी रोगराई घेऊन ती जाते कुठं?'' आजी म्हणाली, ''जाते कुठं? तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. नाहीतर ती पीडा पुढच्या गावाला नाही का लागायची?''

पीडा पुढच्या गावाला कशी लागते, हे मात्र मला बँकेच्या नोकरीत कळलं. तेही फार उशिरा.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं वाटण्याचे ते दिवस. एका धनगर जोडप्याला आम्ही मेंढ्यांसाठी कर्ज दिलं होतं. मेंढ्यांचा विमा होता, कानात बिल्ले होते. पावसाळा सरता सरता एके दिवशी तो कर्जदार शाखेत आला आणि टेबलावर फडक्याची पुरचुंडी ठेवली. आत कान होते. विम्याचा नियमच तसा होता, जनावर मेलं तर बिल्ल्यासकट कान दाखवायचा. सात कानांत बिल्ले होते, चारांत नव्हते. बिल्ला नाही तर दावा नाही.

''साहेब, त्यांची तोंडं सुजली, जिभा सुजल्या. लंगडत लंगडत बसल्या त्या उठल्याच नाहीत,'' तो सांगत होता. त्याच्या बायकोनं एवढंच जोडलं, ''तीन आठवड्यांमागं मेंढ्यांचा ट्रक आमच्या वाडग्यापाशी बिघडला होता जी. दोन राती उभा होता. कापायला चालल्या होत्या त्या.''

मला त्या ट्रकचा आणि या कानांचा काही संबंध दिसला नाही. चार मेंढ्यांचा दावा फेटाळला गेला आणि पुढे वसुलीची नोटीस निघाली. तिच्यावर सही माझी होती.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी धनगरांच्या जीवनाविषयी वाचत होतो, तेव्हा ब्लूटंग या रोगाची माहिती हाती आली. ताप येतो, ओठ-जीभ सुजते, कधी जीभ निळसर पडते, खूर दुखतात आणि मेंढी लंगडते. एका मेंढीचा दुसरीला स्पर्श होऊन हा रोग सहसा पसरत नाही. तो पसरवतं टाचणीच्या टोकाएवढं चिलट. आजारी जनावराचं रक्त पिताना विषाणू त्याच्या पोटात जातो, तिथे आठ-दहा दिवस वाढतो आणि मग पुढच्या चाव्यातून दुसऱ्या मेंढीत उतरतो. तिथून आणखी आठवडाभरात मेंढी आजारी पडते. तीन आठवड्यांचा हिशेब मला तेव्हा लागला. तो रोग हाच होता असं छातीठोकपणे म्हणायला मी पशुवैद्य नाही, पण त्या बाईनं सांगितलेलं वाक्य नोंदवून घेण्याइतकंही महत्त्वाचं मला वाटलं नव्हतं, ही बोच आजही आहे.

भारतात या रोगाची पहिली नोंद झाली तीही आपल्या महाराष्ट्रातूनच. १९६४ साली सप्रे यांनी राज्यातल्या मेंढ्या-शेळ्यांमधल्या साथीविषयी लिहिलं. पुढे दक्षिणेतल्या राज्यांत पावसाळ्यात आणि त्यानंतर या रोगानं वारंवार थैमान घातलं. आता पाच उपप्रकारांविरुद्धची लस आपल्याकडे तयार झाली आहे.

एक खुलासा आधीच करतो, नाहीतर रविवारचा रस्सा कुणी टाकून द्यायचं. हा रोग माणसाला होत नाही. प्रश्न ताटातल्या मटणाचा नाही, वाटेतल्या गावांचा आहे.

कापायला नेल्या जाणाऱ्या जनावराची काळजी कुणी घेत नाही. उद्या मरायचंच आहे, त्याच्यावर औषध फवारून पैसे कशाला घालवा, असा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब असतो. पण जनावर उद्या मरतं, त्याला चावलेलं चिलट मरत नाही. गोचीड उतरून दुसऱ्याच्या अंगावर चढते. ट्रकमध्ये हे सगळे विनातिकीट प्रवासी असतात आणि ट्रक जिथे थांबेल ते त्यांचं स्टेशन.

अमेरिकेनं हा धडा दीडशे वर्षांपूर्वी घेतला. टेक्ससची गुरं उत्तरेच्या रेल्वे स्टेशनांकडे हाकत नेत आणि तिथून ती कत्तलखान्यांकडे जात. ती स्वतः धडधाकट दिसत, पण ज्या वाटेनं जात तिथली गुरं पटापट मरत. शेवटी मिसुरी आणि कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवू लागले. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं, की हा रोग गोचिडी पसरवतात. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरिया सापडला तो त्यानंतर, १८९७ साली.

युरोपात २००६ साली ब्लूटंग पसरला तेव्हा तिथे कत्तलीसाठीची वाहतूक सरसकट बंद केली नाही, तिला शिस्त लावली. निघण्यापूर्वी तपासणी, गाडीवर कीटकनाशकाची फवारणी, मधे कुठेही न उतरवता थेट कत्तलखाना आणि पोहोचल्यावर चोवीस तासांत कत्तल.

आपल्याकडे २०२२ साली लम्पी आला. गायीबैलांचा हा रोग माश्या, डास आणि गोचिडींमुळे पसरतो. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यापासून सुरुवात झाली, आणि पाहता पाहता राज्यभर गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला लम्पीची देशी लस पुण्यात तयार करण्याचा करार झाला, तो इथे नागपुरातच. राज्यात गोवंश हत्येला २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे कत्तलीच्या गाड्यांत असतात त्या शेळ्या, मेंढ्या आणि म्हशी. पण बाजार बंद होतो तेव्हा सगळ्यांचाच होतो, आणि ज्याच्या घरी लग्न ठरलेलं असतं त्याची शेळीही विकली जात नाही.

नागपूर उत्तर-दक्षिण महामार्गावरचं मोठं नाकं. नियमांप्रमाणे वाहतुकीच्या जनावरासोबत पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र हवं. ते कागद जनावराविषयी सांगतात, माश्यांविषयी नाही. परवा वर्धा रोडवर एका ढाब्याशी शेळ्यांचा ट्रक पाहिला. ड्रायव्हरला म्हटलं, ''दिवसा का नाही जात? संध्याकाळनंतर चिलटं चावतात.'' तो हसून म्हणाला, ''काका, मे महिन्यात दिवसा नेल्या तर निम्म्या वाटेतच मरतील.'' त्याचंही खरंच होतं. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात युरोपचा नियम जसाच्या तसा चालायचा नाही. उन्हाळ्यात रात्री न्या, पण फवारणी करून आणि न थांबता न्या. पावसाळ्यात दिवसा न्या. ट्रकमधलं ओलं तणस रस्त्याकडेला फेकू नका. कत्तलखान्याच्या आवारात शेणाचा चिखल साचू देऊ नका, कारण चिलटं तिथंच वाढतात. आणि मंडीत न विकलेली जनावरं गावी परत नेताना त्यांना काही दिवस वेगळी बांधा.

यासाठी फार खर्च येत नाही. एका फवाऱ्याचा खर्च आणि एका मेंढीची किंमत यांतला फरक समजायला बँकेत नोकरी करावी लागत नाही. फक्त तो खर्च करतो एक आणि मेंढी वाचते दुसऱ्याची, म्हणून तो होत नाही. अशा वेळी सरकारनं मधे पडायचं असतं. नाक्यावर कागद तपासणाऱ्याच्या शेजारी पंप घेऊन एक माणूस उभा करायला काय हरकत आहे?

दर वर्षी मारबत निघते तेव्हा मला त्या पुरचुंडीतले अकरा कान आठवतात. आजीचं म्हणणं बरोबर होतं. पीडा गावाबाहेर नुसती सोडून चालत नाही. कारण आपल्या गावाचं बाहेर म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी अंगण असतं.