लाल बिन ऑफिसातही हवी
कारखान्याच्या संगणकावरचे फोल्डर रंगवायचे कसे, आणि कशासाठी

भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये कोणता माल कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारावं लागत नाही. हिरव्या बिनमधला जॉब ओके. पिवळ्या बिनमधला रिवर्कला निघालेला किंवा तपासणीच्या निकालासाठी थांबलेला. लाल बिनमधला रिजेक्ट, आणि त्या बिनला बऱ्याच ठिकाणी कुलूपही असतं. नव्या अप्रेंटिसला मशिनचं बटण दाखवण्याआधी हे रंग शिकवतात. फाइव्ह-एसचा तक्ता भिंतीवर असतो, जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात, गेजच्या कॅलिब्रेशनलासुद्धा रंगीत स्टिकर असतो.

त्याच शॉपच्या ऑफिसात या. ज्या संगणकावरून ड्रॉइंगची प्रिंट निघून मशिनवर जाते, त्याच्या पडद्यावर सगळेच फोल्डर एका रंगाचे. चालू रिव्हिजनचा फोल्डर पिवळा, दोन वर्षांपूर्वी रद्द झालेल्या रिव्हिजनचाही पिवळा. त्यांची नावं ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘लेटेस्ट फायनल’. घाईत चुकीच्या फोल्डरमधली प्रिंट निघाली की सेटर त्यावरूनच ऑफसेट घेतो, पहिला जॉब त्याच प्रिंटवर तपासून ओके होतो, आणि सगळी शिफ्ट जुन्या मापाच्या बोअरचे जॉब काढत राहते. चूक कळते ती ग्राहकाच्या इनवर्डला. मग डेबिट नोट येते, सॉर्टिंगला माणसं पाठवावी लागतात, गाडीभाडं वेगळंच.

शॉपफ्लोअरवर आपण जी शिस्त इतक्या निगुतीने लावली, ती ऑफिसच्या संगणकावर आणायला फार खर्च लागत नाही. फोल्डरचा आयकॉन बदलून देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांच्याकडे बहुतेकांनी आजवर सजावटीची हौस म्हणून पाहिलं. मला मात्र ती आपल्या पट्ट्यातल्या लघुउद्योगांच्या गरजेची वाटतात, अट एवढीच की रंग शॉपमध्ये ठरलेलेच वापरावेत.

फोल्डरचा रंग कुठे लिहिलेला असतो

पडद्यावर कागदपत्रांचे फोल्डर दाखवायची पद्धत 1981 साली झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या ऑफिस संगणकातून बाजारात आली. पिवळसर फोल्डर आपल्या ओळखीचा झाला तो 1995 च्या विंडोजमुळे. त्यानंतर चित्राची ठेवण अनेकदा बदलली, रंग तोच राहिला.

एखाद्या फोल्डरचं चित्र बदललं की विंडोज त्या फोल्डरच्या आत ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाची छोटी मजकूर-फाइल तयार करतं. ती लपवलेली असते, त्यामुळे एरवी दिसत नाही. तिच्यात दोन-तीनच ओळी असतात, आणि त्यातली मुख्य ओळ म्हणजे आयकॉनचा पत्ता: अमुक ड्राइव्हवरची अमुक फाइल, तिच्यातला अमुक क्रमांकाचा आयकॉन. शिवाय फोल्डरवर ‘रीड-ओन्ली’ किंवा ‘सिस्टीम’ अशी खूण लावली जाते. ही खूण दिसली तरच विंडोज आतली फाइल वाचायला जातं. ‘रीड-ओन्ली’ पाहून काहीजण घाबरतात, पण फोल्डरवरच्या या खुणेमुळे आतल्या फाइली बदलायला, सेव्ह करायला कसलीही आडकाठी येत नाही.

ही एवढी यंत्रणा समजली की पुढच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर आपोआप मिळतं. रंग फोल्डरला चिकटलेला नसतो. तो आतल्या एका चिठ्ठीत लिहिलेला असतो, आणि चिठ्ठी हरवली, खूण पुसली गेली किंवा पत्त्यावरचा आयकॉन सापडला नाही की फोल्डर पुन्हा पिवळा होतो.

काहीही न बसवता

मोठ्या कंपन्यांमध्ये आयटी विभाग बाहेरचं सॉफ्टवेअर बसवू देत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे विंडोजची स्वतःची सोय पुरते. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन. समोर विंडोजच्या आयकॉनची जंत्री येते. तिच्यात कुलूप, तारा, फुली अशी चित्रं आहेत, पण वेगवेगळ्या रंगांचे फोल्डर फारसे नाहीत. ते आपण करून घ्यायचे.

त्यासाठी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. फोल्डरचं चित्र हव्या त्या रंगात काढायचं, 16, 32, 48 आणि 256 पिक्सेल अशा चार मापांचे चार थर ठेवायचे आणि आयसीओ प्रकारात एक्स्पोर्ट करायचं. एकाच फाइलमध्ये चारही मापं बसतात आणि विंडोज प्रसंगाप्रमाणे हवं ते उचलतं.

यातलं 16 चं माप सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे ऑफिसात बहुतेकजण तारीख दिसावी म्हणून ‘डिटेल्स’ पद्धतीनेच फाइली पाहतात, आणि तिथे फोल्डर 16 पिक्सेलचा, म्हणजे अक्षराएवढाच असतो. मोठ्या आकारात हौसेने लिहिलेलं ‘रद्द’ तिथे नुसता डाग दिसतं. म्हणून आयकॉन तयार झाला की आधी डिटेल्समध्ये पाहावा. संपूर्ण फोल्डरचा गडद रंग आणि त्यावर एक जाड खूण, एवढंच तिथे टिकतं.

सॉफ्टवेअर कुठे उपयोगी पडतं

दहा-वीस फोल्डर हाताने होतील. पण ग्राहकानुसार पार्ट, पार्टनुसार रिव्हिजन अशी शेकडो फोल्डरांची उतरंड असेल, तर प्रत्येकासाठी चार-पाच क्लिक कोणी करत बसणार नाही. इथे ही सॉफ्टवेअर कामी येतात. उजव्या क्लिकच्या यादीतच रंग येतात, आणि एकदम अनेक फोल्डर निवडून रंगवता येतात. विंडोज 11 वर ही यादी बऱ्याचदा ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत सापडते.

‘फोल्डर मार्कर’ त्यातलं जुनं आणि आपल्या कामाला सर्वांत जवळचं. त्यात नुसते रंग नाहीत. काम झालं, अर्धं झालं, ठरलं आहे; मंजूर, नामंजूर, प्रलंबित; प्राधान्य जास्त, मध्यम, कमी अशा अवस्थांचे आयकॉन आहेत. याची मोफत आवृत्ती आहे, ऑफिससाठीची विकत घ्यावी लागते. सॉर्डमचं ‘फोल्डर पेंटर’ मोफत आहे आणि इन्स्टॉल न करता चालतं. ‘फोल्डर कलरायझर’ मुख्यतः रंग बदलून देतं. चित्र कितीही वेगळं दिसलं तरी ही सगळी करतात एकच: मघाशी सांगितलेली ती चिठ्ठी लिहून ठेवतात.

यातलं कोणतंही सॉफ्टवेअर घ्याल, ते बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. क्रॅक केलेली प्रत ज्या संगणकावर चढते, त्याच संगणकावर ग्राहकाची ड्रॉइंग असतात, आणि ती गुप्त ठेवण्याचं आपण लिहून दिलेलं असतं.

मॅकवर एखादं चित्र कॉपी करून फोल्डरच्या ‘गेट इन्फो’ खिडकीत पेस्ट करण्याची सोय फार जुनी आहे. 2025 च्या टाहो आवृत्तीत तर रंग आणि चिन्हं देण्याची सोय थेट आली. पण आपल्या पट्ट्यात ड्रॉइंग, प्रोग्राम आणि चलान सांभाळणारे संगणक बहुतांशी विंडोजचेच, म्हणून पुढचं त्यांच्याचविषयी.

कोणत्या फोल्डरला कोणता रंग

इथेच खरा विचार करावा लागतो. ज्याला जो रंग आवडेल तो त्याने दिला, तर महिन्याभरात पडदा रंगीबेरंगी होईल आणि कोणाला काहीच कळणार नाही. शॉपमध्ये तीन अवस्था आहेत, फोल्डरलाही तीनच द्याव्यात.

हिरवा म्हणजे चालू रिव्हिजन. याच फोल्डरमधून प्रिंट काढायची. एका पार्टखाली हिरवा फोल्डर एकच असला पाहिजे. दोन दिसले की तिथेच थांबून विचारायचं.

लाल म्हणजे रद्द. जुनी रिव्हिजन आपण टाकून देत नाही, कारण जुन्या लॉटची तक्रार आली तर तेव्हाचं ड्रॉइंग, तेव्हाचा कंट्रोल प्लॅन आणि तेव्हाचा पीडीआय रिपोर्ट काढून दाखवावा लागतो. पण उत्पादनासाठी त्याला हात लावायचा नाही.

तिसरी अवस्था होल्डची. ग्राहकाची ईसीएन, म्हणजे ड्रॉइंगमधल्या बदलाची सूचना, आली आहे, बदललेलं ड्रॉइंग मिळालं आहे, पण फिक्स्चर बदलायचं का, प्रोग्राम बदलायचा का, जुना साठा कुठवर चालवायचा हे अजून ठरलेलं नाही. आयएटीएफ 16949 मध्ये अशा बदलांचा आढावा सूचना मिळाल्यापासून 10 कामाच्या दिवसांत पूर्ण व्हावा असं म्हटलं आहे. म्हणजे हा फोल्डर फार दिवस होल्डच्या रंगात राहता कामा नये. ऑडिटर येण्याच्या आदल्या रात्री शोधाशोध करण्यापेक्षा, पडदा उघडल्यावर रोज हा रंग नजरेस पडणं कितीतरी चांगलं.

आता शॉपमधला होल्डचा रंग पिवळा, आणि विंडोजचा न रंगवलेला प्रत्येक फोल्डरही पिवळाच. इथे पिवळा वापरला तर होल्डवरचा फोल्डर आणि ज्याकडे कोणी पाहिलेलंच नाही असा फोल्डर सारखेच दिसतील. म्हणून संगणकावर होल्डसाठी गडद नारिंगी घ्यावा आणि त्यावर दोन उभ्या जाड रेघा माराव्यात. पिवळ्याचा अर्थ ‘अजून वर्गवारी झालेली नाही’ एवढाच ठेवावा. बुधवारी काम आवरताना, गुरुवारच्या सुट्टीच्या आधी, पिवळे किती उरलेत ते एकदा पाहिलं की आठवड्याचा पसारा आटोक्यात राहतो.

खुणेचं आणखी एक कारण आहे. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणं पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि आपली शॉप बहुतांशी पुरुषांचीच. कित्येकांना आपल्याला असा त्रास आहे हे माहीतही नसतं. लालवर फुली आणि हिरव्यावर बरोबरची खूण असेल, तर रंग कळला नाही तरी अर्थ कळतो.

आणि पीपीएपी, चलान, ई-वे बिल, हजेरी यांचे फोल्डर? ते तसेच पिवळे नकोत, पण त्यांना या तीन रंगांत ओढूही नये. सगळ्यांसाठी एकच करडा पुरे.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरत नाही. त्याच लपलेल्या चिठ्ठीत ‘इन्फोटिप’ नावाची ओळ लिहिता येते. फोल्डरवर माउस नेला की तो मजकूर चौकटीत दिसतो, आणि तो मराठीतही लिहिता येतो: ‘रिव्हिजन सी. ईसीएन आल्यावर बंद. क्वालिटीला विचारल्याशिवाय वापरू नये.’ नोटपॅडमध्ये ही फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-16 निवडावं, नाहीतर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

रंग कधी उडतो

सगळ्यात जास्त तक्रार असते ती अशी: माझ्या संगणकावर लाल दिसतो, स्टोअरच्या संगणकावर पिवळा. कारण आयकॉनची फाइल माझ्या सी ड्राइव्हवर आहे आणि स्टोअरचा संगणक ती स्वतःच्या सी ड्राइव्हवर शोधतो. यावर उपाय म्हणजे आयकॉन त्या फोल्डरच्या आतच ठेवणं. ‘फोल्डर मार्कर’मध्ये असा ‘वाटता येण्याजोगा’ फोल्डर करण्याचा पर्याय आहे. दुसरा मार्ग म्हणजे सर्व्हरवर सगळ्यांना वाचता येईल अशा एका जागी आयकॉन ठेवून तिथलाच पत्ता देणं. याच कारणाने, आयकॉन सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतील तर ते सॉफ्टवेअर काढल्यावर रंगही जातात.

फोल्डर झिप करून मेलने पाठवला की पलीकडे तो उघडताना रीड-ओन्लीची खूण सहसा टिकत नाही. चिठ्ठी आत असूनही ती वाचली जात नाही. तेव्हा ग्राहकाला किंवा जॉबवर्कवाल्याला काही पाठवताना रंगावर विसंबू नये, फाइलच्या नावातच रिव्हिजन लिहावी. नॅसवर फोल्डर ठेवले असतील तर या खुणा जपण्याची सेटिंग तिथे चालू आहे का, हे बसवून देणाऱ्याला विचारून घ्यावं. गुगल ड्राइव्हवर तर ही चिठ्ठी ब्राउझरमध्ये उघड दिसते आणि अनोळखी फाइल म्हणून कोणीतरी डिलीट करून टाकतं. ड्राइव्हला फोल्डरांचे स्वतःचे रंग आहेत, तिथे तेच वापरावेत.

रंग बदलला तरी जुनाच दिसत असेल तर विंडोजने आयकॉनची साठवून ठेवलेली प्रत अजून बदललेली नसते. संगणक रीस्टार्ट केल्यावर बहुधा प्रश्न सुटतो.

जे रंगाने होत नाही

विंडोज रंगानुसार फोल्डर लावून देत नाही आणि रंगावरून शोधूही देत नाही. त्यामुळे नाव नीट असावंच लागतं: पार्ट नंबर, रिव्हिजन, तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली तर यादी आपोआप क्रमाने लागते.

रंग बदलण्याचा अधिकार एकाकडेच असावा. सामाईक फोल्डरचा आयकॉन बदलायला तिथे लिहिण्याची परवानगी लागते, आणि एकाने बदललेला रंग सगळ्यांना दिसतो. जो माणूस शॉपमध्ये लाल टॅग लावतो आणि काढतो, त्याच्याकडेच हेही काम द्यावं, म्हणजे बहुतेक ठिकाणी क्वालिटीकडे.

आणि सगळ्यात मोठी फट अशी, की कॅड किंवा एक्सेलच्या ‘रिसेंट’ यादीतून फाइल उघडली तर फोल्डर डोळ्यांसमोर येतच नाही. तिथे लाल रंगाचा काही उपयोग नाही. त्यासाठी रद्द ड्रॉइंगच्या पीडीएफवर आडवा ‘रद्द’ शिक्का मारावा, आणि लाल फोल्डर सर्व्हरवरच्या वेगळ्या जागी हलवून तिथला प्रवेश क्वालिटीपुरताच ठेवावा. जागा बदलल्यामुळे यादीतली जुनी नोंद मग उघडतच नाही, आणि माणसाला हिरव्या फोल्डरमधून यावंच लागतं.