भूमिकाखेळातील सूत्रधार आणि खडी गंमत

मेजाभोवती बसून कथा रचण्याचा भूमिकाखेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मुळे रूढ झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो. सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर, प्रसंग मांडतो, उरलेली पात्रे वठवितो व फाशांच्या आधारे निकाल देतो. नवखा सूत्रधार बहुधा शेवट आधीच ठरवून खेळाडूंना तिकडे हाकतो. मग त्यांच्या निर्णयाला अर्थ उरत नाही आणि खेळ निष्प्राण होतो. (वर्गातील चर्चेतही हा दोष अपरिचित नाही.)

भंडारा जिल्ह्यातील एकोडी ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथील खडी गंमत या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. तिचे संवाद बहुतांशी उत्स्फूर्त असतात. कथेचा सांगाडा शाहिराला ठाऊक असतो. मात्र सोंगाड्या भलताच प्रश्न विचारतो तेव्हा शाहीर तो टाळीत नाही, त्याच्याच उत्तरातून कथानक पुढे नेतो. सूत्रधारानेही स्थळ, संकट आणि पात्रांचे हेतू एवढेच सिद्ध ठेवावेत. राजवाड्यात लपून शिरण्याऐवजी खेळाडूंनी पहारेकऱ्याशी सोयरीक जुळविली, तर त्या पहारेकऱ्याला काय हवे आहे हे ठाऊक असणे पुरेसे होय. फासाही ऊठसूट टाकू नये. यश व अपयश या दोहोंतून कथा पुढे सरकणार असेल तेथेच तो टाकावा.