कोपरे धरले आणि अडकले

हिंगोलीच्या हळद मार्केटात गाडी रांगेला लागली की काट्याची पाळी येईपर्यंत वेळच वेळ. कुणी पोत्यांवर आडवं होतं, कुणी भावाची चर्चा करतं. शेडच्या कडेला दोघांनी मात्र विटेच्या तुकड्यानं फरशीवर एकात एक असे तीन चौकोन काढले, बाजूंचे मध्य रेघांनी जोडले आणि नवकंकरी मांडली. घरं चोवीस, खडे प्रत्येकी नऊ. आबांचे चिंचोके, मामांचे हळकुंडाचे तुकडे.

आधी आळीपाळीनं खडे ठेवायचे, मग रेघेवरून एकेक घर सरकवायचे. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. भोवतीच्या बघ्यांचा सगळा जीव या उचलण्यात. खरी मारामारी असते ती जागेसाठी. कोपऱ्यातल्या खड्याला दोनच वाटा. मधल्या चौकोनाच्या बाजूवर मधोमध बसलेल्याला चार. मामांनी पहिले तीन तुकडे नेमके तिथंच ठेवले. आबा कोपरे धरत गेले. कोपरा भक्कम वाटतो खरा.

मध्येच लायगो वेधशाळेचा विषय निघाला. आबा औंढा तालुक्यातले. तिथं दुधाळ्याला काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत, कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या लहरी टिपायला. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले.

“आभाळ धुंडाळायला आमचंच रान बरं सापडलं,” आबा म्हणाले.

“आभाळाचं राहू द्या आबा, आधी खडा हलवा.”

खडा हलणार कुठं? आबांचे तीन गेले होते, सहा शिल्लक होते : बाहेरचे चारही कोपरे आणि आतल्या चौकोनाचे दोन. मामांचे दोन तुकडे गेले होते, पण उरलेल्या सातांनी त्या कोपऱ्यांच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या. मधले तुकडे एकेक घर बाहेर सरकले, तेव्हा आबांना ती साधी चाल वाटली होती. हलता येईना म्हणजे हरलं. सहा खडे हाताशी असून आबा हरले.

राल्फ गॅसर या संशोधकानं 1993 मध्ये संगणकावर हा खेळ पुरता सोडवला. दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. मार्केटात तितकं बिनचूक कुणी खेळत नाही. तेव्हा कधी बसलात तर पहिला खडा कोपऱ्यात ठेवू नका.