परखी आणि पावती

दिवाळी चार दिवसांवर आली होती. लातूर जिल्ह्यातल्या एका वखारीच्या दारात सोयाबीनचे 40 कट्टे उतरले, 20 क्विंटल माल. हमालाने कट्ट्यात परखी खुपसली आणि मूठभर दाणे काढून यंत्रात घातले. बाजारात ओलाव्याला 'हवा' म्हणतात. हवा 12 टक्क्यांच्या वर असली तर थप्पी आतून तापते, बुरशी धरते. आकडा 11.4 आला. शेतकऱ्याने आठवडाभर अंगणात माल वाळवला होता.

वजन, दर्जा, थप्पीचा नंबर संगणकावर चढला आणि वखार पावती तयार झाली. अशा पावतीवर कर्ज पूर्वीही मिळायचं, अडचण भरवशाची होती. पावती खोटी निघाली किंवा एकच माल दोन ठिकाणी तारण ठेवला गेला, तर पैसे देणारा बुडतो. म्हणून बँका हात आखडता घेत आणि शेतकरी तोवर पडत्या भावात माल विकून मोकळा होई. 1957 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने तारणकर्जासाठी ब्लॉकचेन आणलं ते इथे. सातबाऱ्यावर चढतो तसा पावतीवर बँकेचा बोजा चढतो. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो. मागची एक नोंद बदलली की पुढचं काहीच जुळत नाही. त्यामुळे बोजा असलेला माल गुपचूप दुसरीकडे तारण ठेवणं अवघड होतं.

4,200 रुपये भावाने या मालाची किंमत 84,000 झाली. त्याच्या 70 टक्के कर्ज धरलं तर हाती 58,800 रुपये.

"हरभऱ्याचं बियाणं, खत आन् पोरीची फी निघंल," शेतकरी म्हणाला. "सोयाबीनचं बघू संक्रांतीनंतर."

भाव चढेलच असं नाही, आणि व्याज तर थांबत नाही. तरी माल कधी विकायचा हे गरजेने नव्हे, स्वतःच्या हिशेबाने ठरवता येणं, ही कोरडवाहू शेतकऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

ब्लॉकचेनची साखळी 11.4 हा आकडा जसाच्या तसा जपेल. दाणा खरोखर तेवढा कोरडा होता का, हे मात्र तिला कळत नाही. नोंद चढवण्याआधी केंद्रप्रमुख बाईंनी तळच्या तीन कट्ट्यांत पुन्हा परखी घालायला लावली होती. मी कारण विचारलं.

"एकदा चढलं की खोडता येत नाही," त्या म्हणाल्या.