पाण्याआधी बातमी पोहोचली पाहिजे

22 जुलै 2021 च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींखाली माणसं गाडली गेली आणि महाड शहर पुरात बुडालं. त्या जीवितहानीपुढे दुसऱ्या कशाचा हिशेब मांडवत नाही. पण या दोन तालुक्यांत मत्स्यशेतीचा विचार करायचा, तर अशा पावसापासूनच सुरुवात करावी लागते. पूर बांधावरून गेला की तळं वेगळं आणि नदी वेगळी असं काही उरत नाही. तळ्यातले कटला-रोहू नदीत जातात आणि त्यांच्यासोबत त्यांचे रोगही.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत खाडी होते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. तिला येऊन मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे देवीचे मानले जातात, गावकरी ते पकडत नाहीत. या श्रद्धेमुळेच तिथे महासीर टिकला. जाळ्यापासून त्याला गावाने वाचवलं. बाहेरून आलेल्या रोगापासून वाचवायला मात्र श्रद्धा पुरणार नाही.

ही भीती उगाच नाही. माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा 'ईयूएस' हा रोग 1988 मध्ये बांगलादेशामार्गे ईशान्य भारतात आला आणि काही वर्षांत देशभर पसरला. अ‍ॅफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसदृश जीवामुळे तो होतो. या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. मरळीसारखे मासे त्याला लवकर बळी पडतात आणि पाणी गार झालं की त्याचा जोर वाढतो. कोळंबीवरचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तर त्याहून क्रूर. पूर्व आशियात 1992 च्या सुमारास तो दिसला आणि 1994 मध्ये भारतीय किनाऱ्यावर पोहोचला. कोळंबी खाणं सोडते, तळ्याच्या कडेला येते, कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि आठ-दहा दिवसांत अख्खं तळं रिकामं होऊ शकतं. औषध नाही. माणसाला त्याचा धोका नाही, पण चिंबोऱ्या आजारी न दिसताही तो वाहून नेतात. म्हणून रोगट तळ्याचं पाणी तसंच खाडीत सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या तळ्यात विषाणू सोडण्यासारखंच आहे.

जे दोन शेजाऱ्यांचं, तेच दोन देशांचं. मत्स्यबीज, प्रजननाची कोळंबी, गोठवलेला माल सतत सीमा ओलांडत असतो. आशिया-पॅसिफिकमधल्या सरकारांनी मत्स्यशेतीसाठी उभारलेल्या 'नाका' या संस्थेचं कार्यालय बँकॉकला आहे. भारत तिचा सदस्य आहे. 1998 पासून या भागातले देश दर तीन महिन्यांनी जलचरांच्या रोगांचे अहवाल देऊ लागले. याचा उपयोग काय, हे पुढे दिसलं. चीन आणि व्हिएतनाममध्ये कोळंबीची पिल्लं सोडल्यावर महिन्याभरातच मरू लागली, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑगस्ट 2012 मध्ये बँकॉकला तातडीची बैठक झाली, देशांनी आपापली माहिती समोर ठेवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने खरा गुन्हेगार शोधला: विष तयार करणारा एक व्हिब्रिओ जीवाणू.

पण दिल्लीहून जाणारा अहवाल तळ्याच्या बांधावरून सुरू होतो. 2013 मध्ये देशात जलचर रोगांवर पाळत ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो त्याचा समन्वय करतो. जून 2023 मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अ‍ॅपही आलं. मेलेल्या माशाचा फोटो आणि ठिकाण शेतकऱ्याने थेट कळवावं, अशी ती सोय.

अडचण अ‍ॅपची नाही, भीतीची आहे. रोगाची बातमी फुटली की व्यापारी भाव पाडतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. मग माणूस घाईने माल काढतो, पाणी सोडतो आणि गप्प बसतो. त्याला दोष देण्याआधी विमा आणि नुकसानभरपाई त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी. जो प्रामाणिकपणे कळवतो त्याचंच नुकसान होत असेल, तर देशादेशांमधली अहवालांची व्यवस्थाही कागदावरच राहील.

सावित्रीच्या खोऱ्यातल्या मत्स्यशेतकऱ्यांना एवढंच सांगणं आहे. बीज घेताना ते कुठल्या केंद्रातलं आहे हे विचारा आणि पावती ठेवा. पावसाळ्याआधी बांध उंच करा, सांडव्याला जाळी लावा. मासे किंवा कोळंबी अचानक मरू लागली, तर पाणी सोडू नका, मेलेले मासे नदीत टाकू नका. त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा आणि खालच्या अंगाच्या तळेवाल्यालाही फोन करा.