राहिलेली पावणेदोन वीत

सुई कापडातच होती. गुहागरच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, वरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि गोधडीची घडी उलगडताना बोटाला काहीतरी बोचलं. आजीनं टाका अर्धा घालून ठेवलेली सुई. वर्तमानपत्र १९९४ सालचं, पहिल्या पानावर एन्रॉन. त्या दिवसांत तालुक्यात दुसरा विषयच नव्हता. अंजनवेलचा तो वीजप्रकल्प पुढे उभा राहिला, २००१ साली बंद पडला, २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर असं नवं नाव घेऊन पुन्हा मार्गी लागला. आमची गोधडी मात्र माळ्यावरून खाली उतरली नव्हती.

घरातल्या प्रत्येकीला ती ठाऊक होती. प्रत्येकीनं ती एकदा तरी उघडून, हात फिरवून, पुढच्या मे महिन्यावर ढकललेली होती. मीही.

गोधडीचं माप कोणी ठरवलं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. या वेळी टेप लावली तेव्हा उत्तर मिळालं: लुगड्यानं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की माणूस पाय पसरून निजेल एवढी, दोन मीटरला थोडी जास्तच लांबी येते आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची. एका लुगड्याची झाली चौघडी. दोन लुगडी एकावर एक घातली की आठ पदर, म्हणजे गोधडी. न कापता, न मोजता. वरून मग घरातल्या चिंध्यांचे तुकडे: कोणाची खाकी अर्धी चड्डी, कोणाचा खणाचा परकर, धोतराचा धड राहिलेला कोपरा. देशावर हिलाच वाकळ म्हणतात. संस्कृतात कन्था आहे, तीच बंगालची कांथा, बिहारात सुजनी. नावं आणि नक्षी निरनिराळी, पण टाका सगळीकडे एकच, साधा धावदोरा.

गुहागरला थंडी ती काय पडणार? पण सारवलेल्या जमिनीतून पावसाळाभर ओल वर येते. इथली गोधडी पांघरण्याइतकीच अंथरण्यासाठी असते. धावदोरा ओढला की कापडाला बारीक सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्यांत आणि पदरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब. बाजारातल्या शिंप्यानं गोधडी पाहून सांगितलं होतं, मशीनवर अर्ध्या तासात करून देतो. त्याचं चूक नव्हतं, पण मशीनची घट्ट टीप आठ पदरांचा पुठ्ठा करते आणि विरलेल्या सुताला जवळ जवळ भोकं पाडत जाते. हाताच्या टाक्यात पदर एकमेकांवर किंचित सरकतात, म्हणून गोधडी अंगाबरोबर वळते.

आजीनं काठाकडून सुरुवात केली होती. चारी कडांनी एक फेरा, मग बोटभर आत दुसरा, मग तिसरा, असे वीस फेरे. मधे चौकोन उरला होता पावणेदोन वीत रुंद, पावणेतीन हात लांब. या पद्धतीत एक अडचण असते. प्रत्येक फेऱ्याला सुई कापड थोडं पुढे ढकलते आणि ते सगळं जादा कापड शेवटी मधे येऊन साचतं. त्याला झोळ म्हणायचं. कसलेल्या बाया आधी उभे-आडवे कच्चे टाके घालून पदर जागच्या जागी धरून ठेवतात. आजीनंही घातले होते, पण मधले कच्चे टाके दोरा कुजून सुटले होते. आमच्या चौकोनात चांगला मूठभर झोळ होता. ती तिथेच का थांबली, याचा मी बराच तर्क केला. आत्येचं म्हणणं सरळ होतं. ‘पाऊस लागला असेल. लावणी आली असेल.’

सुईभोवती रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता आणि डागाच्या मधे कापडाचा भुगा. लोखंडाचा गंज सुती धागा खातो, त्यात गुहागरची हवा खारी. लिंबू-मिठानं डाग फिका होतो, पण कुजलेला धागा परत येत नाही. तिथे ठिगळच हवं. बाकी कापड शाबूत होतं. लुगडी खळ न घालता ठेवलेली होती, म्हणून कसर लागली नाही. कसरीला खळ फार आवडते. आधी दोन दिवस गडग्यावर ऊन दाखवलं. ओला वास गेल्यावर आत्येनं एकच अट घातली, ‘शिवायची तर शीव, पण आईचं काही उसवू नकोस.’

खरं सांगायचं तर मला उसवायचंच होतं. झोळ काढायचा सोपा मार्ग तोच. शिवाय माझे टाके तिच्या टाक्यांशेजारी उघडे पडणार होते. तिचे ज्वारीच्या दाण्याएवढे, सारखे. माझे कुठे तांदूळ, कुठे वाल. अर्धवट गोधड्या माळ्यावर राहतात त्या वेळ नसतो म्हणून, हे मला आता फारसं पटत नाही. आधीच्या हाताशी तुलना नको असते.

एका फोटोनं जरा धीर दिला. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडे, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिचा फोटो. हे लोक आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, बोलतात मराठी मिसळलेली कोकणी. त्याही काठाकडूनच आत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. त्यांच्या कामात टाके समांतर नाहीत, तुकडे काटकोनात नाहीत, आणि तरी नजर हटत नाही. आपल्याकडच्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी मेहनतीनं पुस्तक केलं आहे, तेही पाहावं.

अमेरिकेतल्या अलाबामात जीज बेंड नावाचं, नदीच्या वळणात अडकलेलं गाव आहे. तिथल्या काळ्या शेतमजूर बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. तिथले काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवू लागले तेव्हा, १९६२ साली, गावाची फेरीबोट बंद झाली. ती पुन्हा चालू झाली २००६ साली. त्याच वर्षी त्या गोधड्या अमेरिकी टपाल तिकिटांवर आल्या. त्याआधी २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आमच्याकडे धोपाव्याला दाभोळच्या बोटीची वाट पाहताना मला ते गाव नेहमी आठवतं. संग्रहालयाच्या भिंतीवर गोधडी सुंदर दिसते हे कबूल, पण तिच्यावर कोणी झोपत नाही, एवढं एक वाईट वाटतं.

मग एका संध्याकाळी पडवीत बसलेच. नवी सुई, जाड सुती दोरा. पॉलिएस्टरचा मजबूत असतो, पण जुन्या सुताला तो कापत जातो, असं शिवणाऱ्या बाया सांगतात. झोळ उसवून काढला नाही. तो हातानं चारी बाजूंना सारखा वाटून घेतला, कच्च्या टाक्यांनी धरला आणि प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा खाल्ला. डागाच्या जागी माझ्या जुन्या सुती ओढणीचं ठिगळ. एका संध्याकाळी तासभर, कधी थोडा जास्त. आठव्या संध्याकाळी मधली रेघ मिटली.

नंतर हिशेब केला. टाक्याला एक सेंटिमीटर आणि फेऱ्यांमध्ये दोन सेंटिमीटर धरले, तर अख्ख्या गोधडीत बारा हजारांवर टाके बसतात. माझ्या वाट्याला आले अडीच हजार. म्हणजे आजीनं पाचांतले चार भाग करून ठेवले होते, आणि उरलेल्या साडेआठ तासांच्या कामासाठी आम्ही चार शिकलेल्या बायका तीस वर्षं मे महिन्याची वाट पाहत होतो.

आत्येनं ती उलटी करून पाहिली. ‘मधे जरा झोळ आहे,’ म्हणाली, आणि दुपारी त्याच झोळावर डोकं ठेवून झोपली.

नवी गोधडी धरणं आता पूर्वीइतकं सोपं नाही. सुती लुगडी घरांतून गेली. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी निसरडी होते, घाम शोषत नाही, आठ पदरांत सुईही अडते. तेव्हा अर्धी झालेली जुनी असेल तर तिची किंमत धरा. दिवाळीनंतर कोकणातलं ऊन कोरडं असतं. माळ्यावरची ट्रंक त्या दिवसांत उघडा, आणि काही करण्याआधी कापडात अडकलेली सुई तेवढी काढून घ्या.