टांकींत पाणी किती?

गेल्या वर्षीं चातुर्मासाच्या आरंभीं आमच्या घरांत माशांची कांचेची टांकी आली. नातवाला परीक्षेंत चांगले गुण मिळाल्यास ती आणावयाची, असें चिरंजीवांनीं त्याला कबूल केलें होतें. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत लोखंडी घडवंचीवर ती बसली. तींत बारा निऑन टेट्रा, चार काळ्या मॉली व कांहीं गोगलगाई सोडण्यांत आल्या. आरंभीं आम्हांस हें प्रकरण फारसें रुचलें नव्हतें. परंतु संध्याकाळीं दिवे लागल्यावर त्या निळ्या रेघा पाण्यांत फिरूं लागल्या कीं वाचीत असलेलें पुस्तक कित्येकदां मांडीवरच राहत असे, हें कबूल केलें पाहिजे.

कार्तिकांत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागले. दुकानदारानें ताम्रयुक्त औषधाची बाटली दिली. तिच्यावर दर लिटरास किती थेंब घालावयाचे तें छापलेलें होतें. नातवानें विचारलें, "आजोबा, टांकीत पाणी किती आहे?" आम्हीं खरेदीची पावती काढली, चष्मा लावला आणि ऐटींत सांगितलें, "नव्वद लिटर." तिसऱ्या दिवशीं सकाळीं सात टेट्रा पाण्यावर तरंगत होते व गोगलगाई तर एकही उरली नव्हती. मुलगा रडला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "आजोबा, आपण मोजलं होतं का?"

आम्हीं मोजलें नव्हतें. जन्मभर मुलांना घनफळ शिकविलें, आणि घरांतील घनफळ मात्र पावतीवरून वाचलें! मासे औषधानें मेले कीं रोगानें, हें प्रतिज्ञेवर सांगतां येणार नाहीं; तांब्यानें गोगलगाई मरतातच, मात्रा बरोबर असली तरीही. परंतु मात्रा चुकली होती एवढें निश्चित, आणि किती चुकली तें पुढील हिशेबावरून वाचकांस दिसेल.

टांकी बाहेरून ७५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ४० उंच. गुणाकार ९०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर. दुकानदार खोटें बोलला नाहीं. परंतु कांच ६ मिलिमीटर जाड आहे. तेव्हां आंतील लांबी ७३.८ व रुंदी २८.८ च भरते. पाणी कांठापासून ४ सेंटिमीटर खालीं असतें, तळाची कांच वजा केली पाहिजे. म्हणजे उंची ३५.४. ह्या तिहींचा गुणाकार ७५.२ लिटर झाला. एका फटक्यास पंधरा लिटर गेले! पुढें खडी. तळाशीं तिचा ५ सेंटिमीटरांचा थर आहे, तो १०.६ लिटर जागा व्यापतो. मात्र खड्यांच्या फटींतही पाणी असतेंच. तें किती, हें पाहण्याकरितां एक लिटरच्या भांड्यांत खडी भरून वरून पाणी ओतलें, तों ४०० मिलिलिटर मावलें. म्हणजे खरा दगड दहांत सहा हिस्से, सुमारें ६.४ लिटर. राहिले शोभेचे धोंडे व लांकूड. तीं कांठोकांठ भरलेल्या बादलींत बुडविलीं आणि परातींत सांडलेलें पाणी मोजलें, तें ३ लिटर निघालें. अखेर शिल्लक ६६ लिटरांस कांहींसें कमीच. आम्हीं औषध घातलें ९० लिटरांचें. म्हणजे शेंकडा ३६ अधिक.

गॅलनचा घोटाळा आणखी निराळा. हीच टांकी दुकानांत 'वीस गॅलनची' म्हणून ओळखली जाते. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरांचा, अमेरिकन ३.७८५ लिटरांचा. वीस गॅलन एका मापानें ९१ लिटर आणि दुसऱ्या मापानें ७६ लिटर होतात. बाटली कोणत्या देशाची व पुस्तक कोणत्या देशाचें हें पाहिल्याशिवाय गॅलन शब्दावर विसंबूं नये.

ह्या निमित्तानें भास्कराचार्यांची आठवण झाली. ११५० सालच्या लीलावतींत लांबी, रुंदी व उंची एकेक हात असलेल्या पात्रास खारी म्हटलें आहे. खारीचे द्रोण सोळा, द्रोणाचे आढक चार, आढकाचे प्रस्थ चार व प्रस्थाचे कुडव चार. हात सुमारें ४५ सेंटिमीटरांचा धरल्यास एका खारींत ९१ लिटर येतात. म्हणजे आमची टांकी जवळजवळ खारीभर! लांबीच्या मापावरून पाण्याचें माप काढावयाचें, ही जी युक्ति लिटरांत आहे, तीच येथें आहे. आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरांतलीं चिपटें, मापटें, शेर, पायली हीं मापें मात्र हाताशीं जुळत नसत. तेथें भांडें हेंच प्रमाण.

आणि खरें सांगावयाचें तर भांडें हेंच अखेर अधिक विश्वासू ठरतें. उरलेले मासे टांकींतल्याच पाण्यासह टबांत ठेवले, खडी त्याच जुन्या पाण्यांत ओली राखली (माशांची विष्ठा पचविणारे सूक्ष्म जंतु तींत असतात, ते वाळून जाऊं नयेत म्हणून), आणि टांकी पुन्हां मोजून भरली. त्यासाठीं आधीं बादली मोजावी लागली. तिच्यावर १५ लिटर असें लिहिलेलें होतें. सूनबाईंचा स्वयंपाकघरांतला विजेवर चालणारा कांटा मागून घेतला. त्यावर तपेलें ठेवून कांटा शून्यावर आणावयाचा, दोन किलो पाणी तोलावयाचें, तें बादलींत ओतावयाचें, आणि पाण्याच्या रेषेवर न पुसणाऱ्या शाईनें खूण करावयाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उन्हाळ्याच्या पाण्याचें वजन लिटरास ९९६ ग्रॅमच्या आसपास भरतें, परंतु चार ग्रॅमांचा हा फरक माशांनाही कळणार नाहीं. बादली कांठोकांठ भरली तरी चौदा लिटरांस थोडें कमीच मावलें. ह्या खुणांच्या बादलीनें टांकी भरतांना बाहेरच्या कांचेवर कागदाची पट्टी चिकटवून दर पांच लिटरांस रेघ ओढली. नेहमींच्या पातळीस पाणी पोंचलें तेव्हां ६५ लिटर झाले होते. गुणाकाराशीं एवढी जवळीक पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो सांगून इतरांस कळावयाचा नाहीं. गोल किंवा पोट सुटलेल्या भांड्यास तर हीच रीति धरावी. त्याच्या गणितांत शिरूं नये.

आतां पाणी बदलण्याविषयीं. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावें असें सांगतात. कोणी उंचीचा चौथा भाग, म्हणजे दहा सेंटिमीटर, पाणी काढतात. आमच्या टांकींत एक सेंटिमीटर म्हणजे २ लिटर व १२५ मिलिलिटर. दहा सेंटिमीटर म्हणजे २१ लिटर, चौथाई नव्हे तर जवळजवळ तिसरा हिस्सा. खरी चौथाई १६ लिटर व कांहीं अधिक. म्हणजे पावणेआठ सेंटिमीटर. रबरी नळीनें पाणी काढतांना घड्याळ लावून मोजण्याची युक्ति कोणी सुचविली तर ऐकूं नये. पातळी उतरते तसा नळीचा वेग मंदावतो.

दुसरी समजूत अशी कीं चार वेळां चौथाई बदलली म्हणजे सगळें पाणी नवें झालें. नातवाचीही तीच होती. त्याला पाटीवर करून दाखविलें: शंभरांतून राहिले ७५, त्याचे राहिले ५६, त्याचे ४२, आणि शेवटीं जवळजवळ ३२. म्हणजे जुन्या घाणीचा तिसरा हिस्सा तसाच. तेवढ्याच नव्या पाण्यांत दोनदां अर्धें अर्धें बदललें असतें तर २५ राहिले असते. पण एकदम अर्धें पाणी बदलल्यानें माशांस धक्का बसतो, म्हणून थोडेंथोडें बदलणेंच बरें.

उन्हाळ्यांत पातळी दोन सेंटिमीटर उतरली आणि सवाचार लिटर भर घातली, तर तें पाणी बदलणें नव्हे. वाफ होऊन केवळ पाणी जातें. क्षार व माशांची घाण मागें राहते, आणि भरीच्या पाण्याबरोबर आणखी क्षार येतात. भर निराळी लिहावी, बदल निराळा लिहावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उघड्या भांड्यांत एक रात्र ठेवल्यानें बरेचसें उडून जातें. क्लोरॅमाईन असल्यास जात नाहीं, त्याला औषधच लागतें. तें औषध बादलींत घातलें तर बादलीच्या लिटरांवर, टांकींत घातलें तर बहुधा सबंध टांकीच्या लिटरांवर मोजावयाचें असतें. बाटलीवरील सूचना नीट वाचावी.

पौषांत आणखी सहा टेट्रा आणले. नातवानें वही घातली आहे. दर रविवारीं तारीख, काढलेलें पाणी, घातलेलें पाणी व भर अशीं चार घरें भरतो, आणि आमच्याकडून बेरीज तपासून घेतो. मागच्या रविवारीं सूनबाई दाराशीं उभ्या राहून म्हणाल्या, "मामंजी, काटा परत द्या, आणि ती बादली माशांचीच राहू दे, तिला साबण लागायला नको." दोन्ही गोष्टी आम्हीं त्याच दिवशीं केल्या.